ऑलकारियाची वाफ, रॅपलँडची घरं: केनियाच्या सहलीत नैवाशाला थांबणार असाल तर

केनियाला जाणाऱ्या आपल्या लोकांचा फेरा ठरलेला असतो: नैरोबी, मसाई मारा, नाकुरू आणि परत. नैवाशा वाटेत लागतं ते दुपारच्या जेवणापुरतं, फार तर बोटीतून पाणघोडे बघण्यापुरतं. मी तिथे मुद्दाम मुक्काम केला तो तळ्यासाठी नव्हे. तळ्याच्या दक्षिणेला हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याला लागून, काही ठिकाणी त्याच्या आतच, ऑलकारियाचं भूऔष्णिक क्षेत्र आहे. केनियाची 40 टक्क्यांहून जास्त वीज जमिनीखालच्या वाफेवर तयार होते आणि त्यातली बरीचशी इथली. ही वीज कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि ती उभी राहताना कोणाला घर सोडावं लागलं, हे मला जागेवर जाऊन बघायचं होतं. आजीचं माहेर कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेलं असल्यामुळे ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेला आहे.

आधी जाण्यायेण्याचं. नैरोबी ते नैवाशा सुमारे 90 किलोमीटर. लिमुरूवरून जाणारा वरचा रस्ता आणि माई माहिऊवरून जाणारा खालचा, असे दोन पर्याय आहेत. खालच्या रस्त्यावर ट्रकची गर्दी फार. जाताना वरचा धरा, म्हणजे रिफ्ट व्हॅलीचा कडा आणि खाली पसरलेली दरी नीट बघता येते. मटाटू, म्हणजे तिथली वडाप, स्वस्त आणि भरपूर आहेत. नैवाशा गावात उतरून मोई साउथ लेक रोडने जाणारी दुसरी मटाटू पकडायची आणि हेल्स गेटच्या फाट्यावर उतरायचं. राहायची बहुतेक ठिकाणं याच रस्त्यावर आहेत. रात्री पाणघोडे चरायला काठावर येतात, त्यामुळे अंधार पडल्यावर तळ्याकडे एकट्याने फिरकू नका.

केनियात आता व्हिसा नाही, पण जानेवारी 2024 पासून ऑनलाइन प्रवास-परवाना आधी काढावा लागतो. त्याहून महत्त्वाची पीतज्वराची लस. केनियातून भारतात परतताना लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, आणि लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. मुंबई-पुण्यात ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तारखेसाठी थांबावं लागतं. तिकीट काढलं की पहिलं हे काम करा.

हेल्स गेटमध्ये सायकल चालवता येते. आजूबाजूला झेब्रे, जिराफ, रानडुकरं चरत असतात आणि आपण त्यांच्यामधून जातो, असं केनियातल्या फार थोड्या उद्यानांत करता येतं. फाट्यावर सायकली भाड्याने मिळतात. ब्रेक आणि दोन्ही टायर तिथेच तपासून घ्या, कारण आत दुरुस्तीची सोय नाही. सकाळी लवकर शिरा. सावली जवळजवळ नाहीच आणि समुद्रसपाटीपासून जवळपास 1,900 मीटर उंचीवर ऊन चांगलंच भाजतं. फिशर्स टॉवर हा ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या लाव्हाचा सुळका एल्सा गेटपासून जवळच आहे. रानरेडे दिसले तर अंतर ठेवा, गाडीवाल्यांच्या मागोमाग निघा. पुढे ओल नजोरोवाची घळ लागते. तिच्यात 2012 आणि 2019 साली अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली आहेत. पाऊस इथे पडत नसला तरी वर कुठेतरी पडलेला असू शकतो. रेंजरने नको म्हटलं की विषय संपला. मार्च ते मे आणि ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत पावसाचे दिवस, त्यात घळीचा नाद सोडा.

घळीच्या पुढे ऑलकारिया गेटकडे निघालं की रस्त्याच्या कडेने चकचकीत पाइप सुरू होतात. विहिरींतून निघालेली वाफ वीजकेंद्राकडे नेणारे हे पाइप सरळ जात नाहीत. ठरावीक अंतरावर आडवी-उभी वळणं घेतात, कारण तापल्यावर धातू लांबतो आणि त्याला जागा लागते. काही ठिकाणी पाइप उंच कमानीसारखा उचललेला आहे, खालून जनावरं जावीत म्हणून. मी थांबलो त्या कमानीखाली मातीत खुरांचे ताजे ठसे होते आणि वर सांध्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. हवेत सडक्या अंड्याचा वास. तो हायड्रोजन सल्फाइडचा. दम्याचा त्रास असलेल्यांनी गाडीच्या काचा लावून हा भाग लवकर पार करावा.

आता पैशाचं, कारण या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे. वाफेची विहीर म्हणजे दोन-तीन किलोमीटर खोल भोक. एकेका विहिरीला लाखो डॉलर लागतात, आणि खणून झाल्यावर वाफ पुरेशी निघेलच याची खात्री कोणी देत नाही. एवढी जोखीम घ्यायला खासगी कंपनी सहसा सुरुवातीला पुढे येत नाही. म्हणून ऑलकारियाचा पाया सार्वजनिक पैशाने घातला गेला. 1970च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने शोध घेतला गेला, 1981 साली पहिला 15 मेगावॅटचा संच चालू झाला आणि 1985पर्यंत ते केंद्र 45 मेगावॅटचं झालं. पुढे केनजेन या बहुतांश सरकारी मालकीच्या कंपनीने विस्तार केला. ऑलकारिया-4 आणि ऑलकारिया-1चे वाढीव संच मिळून 280 मेगावॅटच्या टप्प्याला जागतिक बँक, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, फ्रान्स, जर्मनी आणि जपानच्या विकाससंस्था यांनी कर्ज दिलं. ऑलकारिया-4चं उद्घाटन ऑक्टोबर 2014मध्ये झालं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या चार मसाई वस्त्या उठवल्या होत्या. त्यातली एक ‘कल्चरल सेंटर’ म्हणून ओळखली जाई. पर्यटक तिथे थांबत, मण्यांचे दागिने घेत, नाच बघत, आणि त्यावर बऱ्याच घरांचा खर्च चाले. लोकांना नेलं ते 1,700 एकरांच्या एका माळावर, सुमारे 150 पक्क्या घरांत. पुनर्वसन आराखड्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या जागेला सगळे ‘रॅपलँड’च म्हणतात.

रॅपलँडला मी एका मसाई वाटाड्याबरोबर गेलो. त्याने आदल्या दिवशी वस्तीतल्या ज्येष्ठांना विचारून ठेवलं होतं. कृपा करून असंच जा. ही लोकांची राहती वस्ती आहे, न विचारता गाडी आत घालणं आणि खिडकीतून फोटो काढणं बरं नव्हे. घरं एकसारखी, भक्कम, पत्र्याच्या छपरांची. शाळा आहे, दवाखाना आहे. पुनर्वसन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे पत्र्याचे शेड येतात त्यांच्या मानाने ही वस्ती कितीतरी चांगली, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पण घरांच्या ओळीपासून थोडं चालत गेलो तर जमीन एकदम तुटलेली. राखेची मऊ माती पावसाने कापून मोठाल्या घळी पडल्या आहेत. एका काठावर उभं राहून मी खाली बघितलं. पलीकडच्या काठावर शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्याकडे जायचं तर बराच वळसा. 1,700 एकरांतली चराईजोगी किती, हा प्रश्न तिथे उभं राहिल्याशिवाय नीट समजत नाही. कागदावर एकराचा आकडा असतो, घळीचा नसतो.

अंगणात मणी ओवत बसलेल्या एका आजींनी चहा दिला. वाटाड्या त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होता. घर चांगलं आहे, त्या म्हणाल्या, छप्पर गळत नाही. पण पूर्वी गिऱ्हाईक दारात यायचं, आता मणी घेऊन आपल्याला त्याच्यापर्यंत जावं लागतं. आमच्या आजीची तक्रारही याच जातीची होती. सरकारने जमीन दिली, पण बाजार, देऊळ, नातीगोती तिकडेच राहिली.

इथवरची गोष्ट कोयनेपासून कुठल्याही प्रकल्पाची असू शकते. पुढे मात्र ऑलकारियात वेगळं घडलं, आणि या जागेवर मी एवढं लिहितोय ते त्यासाठीच. स्थलांतर होताच मसाई लोकांनी कर्ज देणाऱ्यांकडेच तक्रार केली: जागतिक बँकेच्या तपास मंडळाकडे आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या तक्रार यंत्रणेकडे. जमिनीचा दर्जा, मालकीचा कागद हातात न येणं, रस्ते, बुडालेलं उत्पन्न, कोणाला घर मिळालं आणि कोणाला नाही, असे मुद्दे होते. 2015च्या अहवालात तपास मंडळाने बँकेच्या स्वतःच्या चुका नोंदवल्या. मसाईंना मूलनिवासी समाज मानून त्यांच्यासाठीचं धोरण लागू करायला हवं होतं, ते केलं नाही. मसाईंच्या माआ भाषेत माहिती पुरेशी पोचवली नाही. ज्येष्ठांच्या पारंपरिक व्यवस्थेला सल्लामसलतीत योग्य जागा दिली नाही. मग दोन्ही बँकांच्या पुढाकाराने कंपनी आणि वस्ती यांच्यात मध्यस्थी झाली आणि 2016मध्ये लेखी करार झाला.

करारानेही सगळं मिटलेलं नाही, घळी आहेत तिथेच आहेत. तरीही मला हे फार मोलाचं वाटतं. पैसा सार्वजनिक होता, त्याच्यासोबत लेखी नियम आले होते, आणि नियम मोडले असं म्हणायला एक दार होतं. ते दार गुराख्यांच्या वस्तीने वाजवलं आणि बँकेला उत्तर द्यावं लागलं. कोयनेच्या धरणग्रस्तांना असं दार कधी मिळालं नाही. त्यांची पोरं-नातवंडं साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी मोर्चे काढत आली आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने सप्टेंबर 2025मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आणलं. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीचं काम आधीच सुरू झालेलं आहे, तिथे चांगपा मेंढपाळ पश्मिना शेळ्या चारतात. कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूर, इकडे गणेशपुरी-वज्रेश्वरी ही गरम पाण्याची ठिकाणं आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय. उद्या यातल्या कुठेही विहीर खणायची ठरली तर गावाने पहिल्या ग्रामसभेत विचारावं: पैसा कोणाचा, नियम कोणते, तक्रार कोणाकडे करायची, आणि हे सगळं मराठीत, लडाखमध्ये लडाखीत, लिहून मिळणार का.

जाणाऱ्यांसाठी उरलेल्या गोष्टी. वीजकेंद्र आतून बघायचं असेल तर केनजेनकडे आधी लेखी परवानगी मागा, दारात जाऊन उपयोग नाही. ऑलकारियाचा गरम पाण्याचा तलाव सगळ्यांना खुला आहे. विहिरीतून वाफेबरोबर निघणारं खारट, सिलिकायुक्त पाणी निववून त्यात सोडतात, त्यामुळे रंग दुधी निळा दिसतो. उद्यानाच्या प्रवेशाशिवाय त्याचं वेगळं शुल्क पडतं. उद्यानात रोकड चालत नाही, ऑनलाइन भरणा आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवरच उरका. बाहेर पडल्यावर साध्या पाण्याने केस धुवा, नाहीतर राठ होतात.

शाकाहारी लोकांनी चिंता करू नये. चपाती सगळीकडे मिळते, न्देंगू मागवलंत तर मुगाची उसळच येते, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. चहा दुधाचाच. मण्यांचे दागिने शक्यतो विणणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि फार घासाघीस करू नका. कोणाचाही फोटो विचारूनच, आणि पैसे मागितले तर तो त्यांचा हक्क समजा.

एक दिवस जास्त असेल तर नाकुरूहून मेनेन्गाईच्या ज्वालामुखी विवराच्या काठावर जा. सार्वजनिक पैशाची दुसरी रीत तिथे दिसते. सरकारी जीडीसी कंपनी स्वतः विहिरी खणते, जोखीम स्वतः घेते आणि निघालेली वाफ खासगी वीजकेंद्रांना विकते. त्यातलं पहिलं, 35 मेगावॅटचं, 2023मध्ये सुरू झालं. काठावरून खाली वाफेचे लोट दिसतात ते सकाळी, दुपारनंतर धूसर होतं. वाटेत वस्ती तुरळक आहे, म्हणून नाकुरूतूनच माहितीतली गाडी करा आणि परतीचं भाडं आधी ठरवून घ्या.