उइपिल वाचायचा तर आधी शिवण बघा

ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या चियापासमध्ये माया या मूळ रहिवासी समाजाच्या बायका अंगात घालतात तो सैल झगा म्हणजे उइपिल. त्यावरच्या नक्षीच्या अर्थांचे तक्ते इंटरनेटवर ढिगानं सापडतात. ते फार मनावर घेऊ नयेत. एका गावची नागमोडी रेघ साप असते, दुसऱ्या गावी तीच डोंगर. दोन डोक्यांच्या गरुडात कुणी जुना देव बघतं, कुणी स्पेनच्या हाब्सबुर्ग राजांचं चिन्ह.

अर्थ आधी जोडणीत शोधावा. ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगो गावचा जुन्या पद्धतीचा उइपिल घ्या. कापडाचे तीन पट्टे जोडलेले, मधल्याला गोल गळा, गळ्याभोवती किरणांसारखी फितीची कातरी किनार. दोन खांद्यांवर, छातीवर आणि पाठीवर एकेक गोल चकती, म्हणजे चार दिशा. अंगात घातला की डोकं बरोबर सूर्यातून वर येतं. भिंतीवर टांगलेल्या उइपिलात हे कळत नाही.

पट्टे जोडावे लागतात ते मागामुळे. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेमागच्या पट्ट्याला. मागे रेललं की ताणा घट्ट, पुढं झुकलं की सैल. रुंदी हात पोचेल तेवढीच. कडा आत ओढल्या जातात, म्हणून कापडाखाली रुंदीच्या मापाची काठी टोचतात आणि वीण सरकेल तशी तीही सरकवतात.

विणलेल्या प्रत्येक पट्ट्याला चारही बाजूंनी काठ असतो. एका टोकाला थोडं विणून माग फिरवतात आणि दुसऱ्या टोकाकडून विणत येतात. शेवटी उरलेल्या फटीत वीण ठोकायची पट्टी मावत नाही. तिथं बाणा, म्हणजे आडवा धागा, सुईनं ओवावा लागतो, वीण जरा विरळ राहते. विकत घेताना ही विरळ रेघ शोधा. पायानं चालवायच्या मागाच्या कापडाला ती नसते, तिथं टोकं कापलेली असतात.

नक्षीची तऱ्हा पैठणीहून वेगळी. पैठणीत रंगीत बाणाच एकमेकांत अडकवून बुट्टी उठते; इथं साधा बाणा चालू राहतो आणि जोडीला नक्षीचा जादा धागा बोटांनी घालतात. छापील आलेख नसतो, ताण्याचे धागे मोजायचे. एक धागा चुकला की शंकरपाळीचं टोक सरकतं, आणि चूक चार ओळींनी लक्षात आली तर चारही उसवाव्या लागतात.

याच शंकरपाळ्या याश्चिलान या जुन्या माया नगरीतल्या, आठव्या शतकातल्या, दारावरच्या दगडी पट्टीवर राणी काबाल शोकच्या वस्त्रावर कोरल्या आहेत. ती पट्टी आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चियापासच्या डोंगरात शंकरपाळी अजून विणतात: चार टोकं चार दिशांची, मधोमध सूर्य.