हाल्प आख्ट म्हणजे साडेसात

तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर उत्तर. प्रश्न साधारण असा असतो: "एक्सचेंजवर दहा महिने जर्मनीला निघालोय. जर्मनची ए-1 ही पहिली पातळी झालीय. होस्ट फॅमिलीत राहणार, तिथल्याच शाळेत जाणार. घरातले बोलतात ते कळायला किती दिवस लागतील? आणि तोवर दिवस काढायचा कसा?"

एकच माणूस समोर असेल आणि विषय ओळखीचा असेल, तर बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जमायला लागतं. टेबलाभोवती चार जण एकमेकांचं बोलणं तोडत गप्पा मारत असतील, तर ते त्यानंतर बरंच पुढे. ए-1च्या परीक्षेची शब्दयादी सुमारे 650 शब्दांची असते आणि दोन पायऱ्या वरच्या बी-1ची सुमारे 2400. घरातलं रोजचं बोलणं अंगवळणी पडतं ते या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. दिवसाला 8 शब्द धरले तर 300 दिवसांत 2400 होतात. त्यातले निम्मे विसरले जाणार हे गृहीत धरा, पण निम्मे ऐकून ऐकून आपोआप येतात तेही धरा. हिशोब जुळतो.

शब्दांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. आपली मुलं जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेने जातात. डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं, मग त्याचं जर्मन. ही वाट लांबची आहे आणि कितीतरी ठिकाणी चक्क चुकीची. मराठीतून थेट गेलात तर अर्धं व्याकरण घरचंच निघतं.

शीर्षकातली वेळच घ्या. 'हाल्प आख्ट' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा आठ'. इंग्रजीतून विचार करणारा साडेआठ समजतो आणि तासभर उशिरा पोचतो. प्रत्यक्षात ते साडेसात: आठव्या तासाचा अर्धा भाग झाला. पूर्वेकडे आणि दक्षिणेत काही भागांत याच्यापुढे जातात. 'फिर्टेल आख्ट' म्हणजे सव्वासात आणि 'ड्रायफिर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ. सव्वा, साडे, पावणे यांत वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू यायला हवं. सवय होईपर्यंत एक करा. कुणी वेळ सांगितली की ती आकड्यांत परत म्हणून दाखवा: "झीबन उअर ड्रायसिश?" म्हणजे सात तीस?

आकड्यांचंही तसंच. पंचविसाला जर्मनमध्ये 'फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस. आपल्या 'पंचवीस'मध्येही आधी पाच आणि मग वीसच आहे. इंग्रजीची सवय असलेला पंचविसाचा बावन्न करून ठेवतो. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यापाशी सांभाळा. तिथे मराठी 'तिसाला एक कमी' म्हणते आणि जर्मन सरळ 'नऊ आणि वीस'.

उच्चारांत तर मराठीकडे देणगीच आहे. जर्मन झेड हा 'चोर', 'चूल', 'चाक' यांतला च. 'वेळ' या अर्थाचा 'त्साइट' त्याच च-ने सुरू करा. शब्दाच्या सुरुवातीला आलेला आणि पुढे स्वर असलेला एस बहुतेक भागांत 'झाडा'तल्या झ-सारखा येतो: 'झोनं' म्हणजे सूर्य. शब्दाच्या शेवटी येणारं ई हे अक्षर 'असं', 'तसं' यांच्या शेवटच्या स्वराजवळ जातं, म्हणून इथे 'बिटं' (कृपया), 'डांकं' (आभार) असं लिहिलंय. कष्ट पडतात ते फक्त 'यू'वर दोन टिंबं आणि 'ओ'वर दोन टिंबं या स्वरांना. पहिल्यासाठी 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता फक्त ओठ 'ऊ'सारखे करा. दुसऱ्यासाठी 'ए' म्हणताना ओठ 'ओ'चे. आरशासमोर रोज दोन मिनिटं, पहिले पंधरा दिवस.

आता ज्या चुकांवर वर्ग हसतो त्या. थंडी वाजते हे सांगायला मुलं "इश बिन काल्ट" म्हणतात, कारण इंग्रजीत तसं असतं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'मी थंड, भावनाशून्य आहे' असा निघतो. उकडतंय हे त्याच पद्धतीने सांगितलंत तर अर्थ भलताच होतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी भरलेला वर्ग ते महिनाभर विसरत नाही. बरोबर वाक्य "मिर इस्ट काल्ट", म्हणजे 'मला थंड आहे'. आपण 'मला थंडी वाजते' म्हणतो तोच साचा. 'मला कंटाळा आलाय' हे "मिर इस्ट लांगवाइलिश". "इश बिन लांगवाइलिश" म्हणजे 'मी कंटाळवाणा आहे'. 'मला आवडतं', 'मला बरं वाटत नाही' या सगळ्यांत मराठीत 'मला' येतं आणि जर्मनमध्ये 'मिर'. वाक्य 'मला'ने सुरू होत असेल तर आधी 'मिर' लावून बघा. प्रत्येक वेळी बरोबर ठरणार नाही, 'मला भूक लागली'ला जर्मन 'मी भूक बाळगतो' म्हणते, पण इंग्रजीपेक्षा हा अंदाज जास्त वेळा लागू पडतो.

वाक्यरचनेत मराठी माणूस बाकीच्यांच्या उलटा चुकतो. 'वाइल इश म्यूडं बिन' हे शब्दाला शब्द ठेवून वाचा: 'कारण मी थकलेला आहे'. क्रियापद शेवटी. जगभरच्या विद्यार्थ्यांना ही रचना छळते, आपल्याला ती नैसर्गिक वाटते. पण साध्या, सुट्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरच हवं, आणि आपण तिथेही ते शेवटी ढकलतो. 'आज मी शाळेत जातो' हे जर्मनमध्ये 'आज जातो मी शाळेत' असं होतं. 'आज' पहिल्या जागी, 'जातो' दुसऱ्या, 'मी' तिसऱ्या. घरातल्यांना सांगून ठेवा की पहिले दोन महिने फक्त हीच एक चूक दुरुस्त करा, बाकीच्या सोडून द्या. सगळ्याच चुका दुरुस्त करायला लागले की मूल गप्प होतं आणि गप्प बसलेल्याला भाषा येत नाही.

लिंगाची भीती अकारण घातली जाते. तो, ती, ते आपल्याकडे आहेतच. डेर, डी, डास हे त्यांचेच भाऊबंद. मात्र वाटप वेगळं. आपला सूर्य तो, त्यांची झोनं ती. दार आपलं ते, त्यांचं ती. खिडकी आपली ती, त्यांची ते. मुलगी त्यांच्याकडे 'डास मेडशेन', म्हणजे ते, कारण शेवटी 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे आणि तो लागला की काहीही नपुंसकलिंगी होतं. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' लागलं की ती. एवढे प्रत्यय पाठ करा. बाकी शब्द एकटा कधीच लिहू नका. 'वही स्त्रीलिंगी' असं कुणी पाठ केलं नव्हतं, 'माझी वही' ऐकून ते कळलं होतं. म्हणून वहीत 'माझी पिशवी', 'मोठं घर' अशा जोड्याच लिहा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी झाकून आठवा. न आठवलेल्यावर खूण करून पुन्हा पहिल्या दिवसापासून.

कोणते 8 शब्द? सकाळी घरात कानावर पडलेले. पहिल्या आठवड्यात एकच क्रियापद घ्या: 'माखन', करणे. त्याला पुढे 'आन' लावलं की दिवा लावणे, 'आउस' लावलं की बंद करणे, 'आउफ' म्हणजे उघडणे, 'त्सू' म्हणजे लावून घेणे, 'मिट' म्हणजे सामील होणे. घरातल्या निम्म्या सूचना यात बसतात. गोम अशी की वाक्यात हा तुकडा सुटून अगदी शेवटी जातो. "माख बिटं डास फेन्स्टर..." एवढं ऐकून उठलात तर खिडकी उघडायची की लावायची हे कळलेलंच नसतं. शेवटचा 'आउफ' की 'त्सू' ऐकेपर्यंत जागचे हलू नका.

सर्वांत जास्त गोंधळ ज्यामुळे होतो ती चूक व्याकरणाची नाहीच. न कळता मान डोलावून 'या, या' (हो, हो) म्हणणं. होस्ट आई सांगते की उद्या दुपारी घरी कुणी नाही, किल्ली घेऊन जा. मूल हसून 'या' म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी तीन तास पायरीवर बसतं. यावर उपाय 'आल्झो'. म्हणजे 'तर मग'. 'आल्झो' म्हणून जेवढं कळलं तेवढं तोडक्यामोडक्या शब्दांत परत सांगायचं: उद्या, किल्ली, मी? चुकलं असेल तर तिथेच कळतं. सोबत "वी बिटं?" (काय म्हणालात?) आणि "लांगझाम बिटं" (सावकाश) हे दोन. प्रकृती, पैसे, घराचे नियम यांबद्दल मात्र खुशाल इंग्रजीत बोला. तिथे सराव करायचा नसतो.

'बिटं' आणि 'डांकं' यांची कंजुषी करू नका. मराठीत आदब क्रियापदातच असते, 'मीठ देता का' म्हटलं की झालं. जर्मनमध्ये 'बिटं' गाळलंत तर ते हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं. आणि पानावर आग्रह होत नाही. पहिल्यांदा 'नको' म्हणायच्या आपल्या रिवाजाचा अर्थ तिथे 'नको' असाच होतो, भांडं पुढे जातं. हवं असेल तर लगेच "या, गेर्नं" (हो, आवडेल). नुसतं "डांकं" म्हटलंत तर बहुधा 'नको, आभारी आहे' असं समजतात.

अरे-तुरेचं सुरुवातीला जीवावर येतं. होस्ट आईबाबांना नावाने हाक आणि 'डू', म्हणजे तू. त्यांनीच सुचवलं असेल तर तेच करा, 'झी', म्हणजे तुम्ही, म्हणत राहिलात तर दूर ठेवल्यासारखं वाटतं. शिक्षकांना मात्र न विसरता 'झी', आणि 'हेर' (श्री.) किंवा 'फ्राउ' (श्रीमती) लावून आडनाव.

शाळेत तास 45 मिनिटांचा, पुष्कळ ठिकाणी दोन जोडून 90चा. गुण 1 ते 6, त्यात 1 उत्तम आणि 6 नापास, तेव्हा घरी फोनवर सांगताना खुलासा करा. वर्गात तोंडी भाग घेण्याला गुण असतात. गणित, भौतिकशास्त्र, चित्रकला, खेळ यांत आशय आधीच ठाऊक असतो म्हणून भाषा लवकर चिकटते. इतिहास आणि जर्मन साहित्य शेवटी. इतिहासाच्या तासाला सगळं लिहून घ्यायच्या नादी लागू नका, फळ्यावरचे तीन शब्द उतरवा. शिक्षकांना पहिल्या आठवड्यात सांगा की प्रश्न विचारण्याआधी एक दिवस कळवलंत तर उत्तर तयार करून येईन. बहुतेक जण तयार होतात.

शाळा सुटल्यावरचा वेळ शाळेपेक्षा मोलाचा. 'फेराइन' म्हणजे क्लब, कुठलाही धरा: फुटबॉल, वाद्यवृंद. कितीतरी गावांत स्वयंसेवी अग्निशमन दलाची मुलांची शाखा असते, ती तर भाषेसाठी उत्तम, कारण तिथे त्याच त्या आज्ञा हातवाऱ्यांसकट शंभरदा ऐकायला मिळतात.

दुपारी चारच्या सुमाराला डोकं दुखायला लागतं. दिवसभर प्रत्येक आवाज लक्ष देऊन ऐकल्याचा तो थकवा आहे, आजार नाही. अर्धा तास दार लावून पडा, पण मराठी मालिका लावून नव्हे. ती अर्ध्या तासात संपत नाही. घरच्या फोनचंही असंच. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेचार. म्हणजे आईबाबांची संध्याकाळ ही तुमची दुपार, क्लबची वेळ. रोज तासभर बोललात तर नेमकी तीच वेळ जाते. रविवारी सकाळी नऊला ठरवून करा, इकडे जेवणाची वेळ असते.

साधारण तिसऱ्या महिन्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते. आधीचे शब्द सोपे होते, आता दिसतात ते अवघड आणि दिवसही लहान झालेले. तेव्हा पहिल्या आठवड्यातली वही उघडा आणि रोज झोपण्याआधी पाच ओळी लिहून घरातल्या भावंडाला दाखवा.

याच सुमाराला एका छोट्या शब्दाकडे कान द्या: 'डोख'. कुणी विचारलं, "येणार नाहीस का?" तर इंग्रजीतून विचार करणारा हो म्हणू की नाही या घोळात अडकतो. जर्मन पोर म्हणतं, "डोख!" आपण म्हणतो, "येणार की!" तो 'की' म्हणजेच हा. तसंच "कॉम माल" म्हणजे "ये जरा". हे 'की', 'जरा', 'बरं' पुस्तकात पाठ होत नाहीत, टेबलावरच ऐकू येतात. चार जणांच्या गप्पांत एखाद्या दिवशी तुमच्या तोंडून न ठरवता 'डोख' निघालं, तर तो दिवस वहीत तारखेसकट लिहून ठेवा.