पहिली वेलांटी आधी की नंतर

घणसोलीच्या एका गुरुजींनी २००४ साली माझ्याकडून पुस्तक टाइप करून घेतलं होतं. आगरी लग्नात धवलारीण बाई जी गाणी म्हणते ते धवले. शाळेतून रिटायर झाल्यावर गुरुजी गावोगाव फिरले, म्हाताऱ्या बायकांसमोर वही उघडून बसले आणि जमेल तेवढं उतरवून आणलं. चौसष्ट पानं, तीनशे प्रती, पिवळं कव्हर. मागच्या महिन्यात ते ट्रान्सहार्बरने ठाण्याला आले, स्टेशनपासून नौपाड्यापर्यंत चालत, माझ्या पोटमाळ्याचा लोखंडी जिना चढले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "बाय, नातीचं लगीन हाय. पुस्तक परत छापायचा. तुझ्याजवल हाय ना सगला?"

आहे ना, म्हटलं. १९९८ पासून डीटीपी करतेय. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, सोसायट्यांच्या सभेच्या नोटिसा, कुणाकुणाच्या एकसष्टीच्या स्मरणिका. सगळं सीडीवर, सीड्या चपलांच्या खोक्यांत, खोक्यांवर वर्ष. २००४ चं खोकं दोन मिनिटांत सापडलं. सीडीही चालली, ज्याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

फाइल उघडली आणि पडद्यावर एखादा फ्रेंच माणूस शिंकावा तशी अक्षरं आली. टोप्या घातलेले ए, शेपटीवाले सी, मध्येच पौंडाची खूण. गुरुजी चष्मा वर करून बघत राहिले. "ह्या काय भाषेत हाय?"

मराठीतच होतं ते. फक्त डोंगल नव्हतं.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइपिंग केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा मराठीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की सोबत एक बोटाएवढी काडी मिळायची, तेच डोंगल. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली असेल तरच फॉन्ट उठायचे. माझी पहिली प्रिंटरच्या मोठ्या पोर्टला लागायची. पुढे तसं पोर्टच येईनासं झालं, तेव्हा पैसे भरून यूएसबीची बदलून घेतली. मूळ सॉफ्टवेअरला माझी दोन महिन्यांची कमाई गेली होती. गेल्या वर्षी ती काडी मेली. पडली नाही, भिजली नाही, एक दिवस लाल दिवा लागला नाही एवढंच. कंपनीत फोन केला (नाव घेत नाही). तिथली मुलगी गोड बोलली. "मॅडम, ते व्हर्जन बंद झालं, तुम्ही नवीन घ्या." आणि जुन्या फाइली? त्या नव्यात तशाच उघडणार नाहीत, कन्व्हर्जनचे वेगळे.

म्हणजे मॅटर गुरुजींचं, टाइप केलेलं मी, पैसे भरले दोघांनी, आणि वाचायला परवानगी तिसऱ्याची.

आता इथे लोक मला विंडोजचं ऐकवतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. माझं मशीन सातवीत आहे, त्याला आठवीत घेत नाहीत. ठीक आहे. एक वर्षाची वाढीव मुदतही देतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. माझं त्यावरून भांडण नाही, कारण विंडोज बदललं तरी माझ्या पत्रिका माझ्याच राहतात. डोंगलने माझी वीस वर्षं अडवली. दोन्ही गोष्टी एकाच सुरात रडणारे लोक मला कळत नाहीत.

कायदा बघितला. म्हणजे भाच्याने बघितला. तो महापेला एका कंपनीत आहे, शनिवारी माझ्याकडे जेवायला येतो आणि त्या बदल्यात माझे कॉम्प्युटर सांभाळतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लिहिलंय की रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची, हरवला-मोडला तर हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत करून ठेवता येते. चांगलंय की! पण मी प्रत ठेवलीच होती, सीडीवर. प्रत काडीशिवाय चालत नाही आणि काडीची प्रत होत नाही. त्याच कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. "मावशी, हेतू महत्त्वाचा आहे," भाचा म्हणाला. माझा हेतू धवले छापण्याचा होता, तरी आम्ही कुलपाला हात लावला नाही. तशी गरजही पडली नाही, ते पुढे येतंच.

डिसेंबरात फोनवरून गदारोळ झाला तेव्हा मला ही काडीच आठवली. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला कंपन्यांना सांगितलं की नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच घालून द्या, आणि ते बंद पाडता येता कामा नये. ओरड झाली, ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. आमच्याकडे जेवताना वाद. नवऱ्याचं म्हणणं, ॲप चांगलं आहे. आहेच. त्याचा फोन डोंबिवली लोकलमध्ये मारला गेला तेव्हा संचार साथीच्याच पोर्टलवर आम्ही त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बंद केला होता. चांगलं आहे तर लोक आपणहून घेतील ना? मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत मला न काढता येणारं काही असलं की माझं डोकं फिरतं, मग ते सरकारचं असो की फॉन्टवाल्यांचं. नवरा म्हणाला, तुझं सगळं डोंगलवर येऊन थांबतं. थांबतं.

तर धवले. भाच्याने आधी सोपा रस्ता धरला. गुरुजींजवळच्या एकुलत्या प्रतीचे फोटो काढले आणि फोनमधल्या एआयला दिले. दोन मिनिटांत चौसष्ट पानं टाइप होऊन आली, स्वच्छ. मी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला थांबले. गुरुजींनी 'डोला' लिहिलं होतं, तिथे 'डोळा'. 'पानी'चं 'पाणी'. 'सगला'चं 'सगळा'. त्या यंत्राने घणसोलीच्या म्हाताऱ्यांना पुण्याला नेऊन शुद्धलेखनाच्या शिकवणीला बसवलं होतं. आणि विचारलंही नाही. चूक केली असती तर दिसली असती, ह्याने दुरुस्ती केली होती, ती दिसतसुद्धा नाही. पुन्हा फाइलीकडे वळलो.

त्या जुन्या फाइलीत मजकूर शाबूत असतो. फॉन्ट नसला तरी मागचे आकडे तेच असतात, फक्त त्या आकड्यांना इंग्रजी मुखवटा लागतो. जुन्या विंडोज एक्सपीचं एक मशीन मी अजून पेजमेकरसाठी, पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी, ठेवलंय, त्याला इंटरनेट नाही. त्यातून नुसता मजकूर बाहेर काढला, भाच्याच्या लॅपटॉपवर टाकला. मग पिवळं पुस्तक शेजारी ठेवून कोष्टक करायला बसलो. हा टोपीवाला ए म्हणजे काय, त्या पौंडाच्या खुणेखाली कुठलं अक्षर. असल्या फॉन्टमध्ये घरं जास्तीत जास्त २५६, आणि त्यातही कितीतरी वापराबाहेर. एवढ्याशा जागेत सगळी जोडाक्षरं कोंबायची म्हणून काटकसर. पूर्ण ग ला घरच नाही, अर्धा ग आणि पुढे काना. 'गा' हवा तर दोन काने. भाचा हे ऐकून हसत सुटला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, चाळीतल्या खोलीत आम्ही सहा जण असेच राहत होतो.

कोष्टक झालं आणि त्याचा प्रोग्रॅम चालला. 'किती'ची पहिली वेलांटी शेजारच्या शब्दाला चिकटली. 'मूर्ती'चं 'मूतीर्' झालं. काही जुन्या मराठी साइटींवर 'वर्षे'च्या जागी 'वषेर्' दिसतं ना, तेच. भाचा म्हणाला, कोष्टकात चूक आहे. म्हटलं, अरे, कोष्टक बरोबर आहे, क्रम चुकलाय.

जुना फॉन्ट डोळ्याच्या हिशोबाने चालतो. जे डावीकडे दिसतं ते आधी. पहिली वेलांटी आधी दाबायची, क नंतर. छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर तसंच करायचा, मराठी टाइपरायटरवरही तसंच, आणि टायपिंगच्या चाळीस शब्दांच्या परीक्षेला माझी बोटं त्याच क्रमाने घडली. युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी अक्षरांच्या आकड्यांची पद्धत, कानाच्या हिशोबाने चालतं. तोंडातून क आधी निघतो म्हणून क आधी, वेलांटी मागून, तिला डावीकडे नेऊन बसवायचं काम फॉन्टचं. रफाराचं उलट. दिसतो शेवटी, अक्षराच्या डोक्यावर, पण बोलताना तो अर्धा र आधी येतो. म्हणजे 'मूर्ती'त त्याला दुसऱ्या वेलांटीवरून आणि त वरून उडी मारून मागे यायला हवं. 'वर्ज्य'मध्ये दोन व्यंजनं ओलांडून. मी जुन्या पत्रिकेच्या पाठीवर बाण काढून दाखवले, त्याने ते नियम घातले. सत्तावीस वर्षं ज्याला बोटांची सवय समजत होते ते कुणाला समजावून सांगण्याजोगं काहीतरी आहे, हे मला त्या शनिवारी कळलं. जरा मिरवूनही घेतलं.

सगळ्यात छळलं ते 'नवऱ्या'ने. ह्या र ला रफार नाही, तो आडवा अर्धचंद्र असतो, युनिकोडात त्याचा र सुद्धा वेगळा, खाली टिंबाचा. प्रोग्रॅम प्रत्येक वेळी 'नवर्या' करायचा. आचार्यांना रफार चालतो, नवऱ्याला नाही. लग्नाच्या गाण्यांत तो पानोपानी येणार, करता काय.

नवी पानं स्क्रायबस नावाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये लावली, विंडोजऐवजी लिनक्स मिंटवर. तेच सातवीतलं मशीन. मिंट टाकायला अर्धा तास लागला, प्रिंटर आपणहून ओळखला गेला. फॉन्ट मुक्त, 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा, खुल्या परवान्याचा, काडीबिडी नाही. आता सगळं गुलाबी नाही, हेही सांगते. टॅलीसाठी विंडोजचं दुसरं मशीन ठेवलंच आहे. इनस्क्रिप्ट कळफलक चोपन्नाव्या वर्षी शिकतेय, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. माझा वेग चाळीसवरून अठरावर आला. पहिली वेलांटी अजून आधीच दाबली जाते आणि एकटीच एका टिंबाच्या वर्तुळावर लटकते. आणि युनिकोडचेही आपले नखरे आहेत. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर त्यात २००८ ला आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र काढून काम भागवायचे, अजूनही भागवतात. दिसायला सारखं, शोधायला गेलं की सापडत नाही. आमच्या पत्रिकांमध्ये नावाआधी 'ॲड.' लावणारे वकील नवरदेव फार, मला विचारा.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा गोखले रोडवर बॅनर लागले होते. त्यातला एक माझ्याच ओळखीच्या मुलाने केला होता, जुन्याच फॉन्टमध्ये. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख वाचता येतात म्हणे. माझी २००४ ची सीडी बघा.

गुरुजी प्रुफं बघायला परत आले. लाल पेनने तीन ठिकाणी 'ळ' खोडून 'ल' केला. ह्या वेळी एआयने नव्हतं केलं, पानं लावताना माझ्याच बोटांनी केलं होतं. पुस्तक छापून गेलं, लग्न वैशाखात आहे. सोबत त्यांना पेनड्राइव्हवर नुसत्या मजकुराची फाइल दिली. ही कुठल्याही मशीनवर उघडेल म्हटल्यावर त्यांनी ती घणसोलीच्या सायबर कॅफेत जाऊन खरंच उघडून बघितली आणि मला फोन केला.

१९९८ ते २०१० मध्ये नौपाड्यात ज्यांनी माझ्याकडून स्मरणिका, अहवाल, कवितासंग्रह करून घेतले असतील, त्यांनी येऊन आपापला मजकूर घेऊन जावा. पैसे नकोत. छापलेली प्रत मात्र सोबत आणा, पडताळायला लागते. २००१ आणि २००२ च्या खोक्यांतल्या काही सीड्यांना बुरशी लागली आहे, त्या आधी काढायच्या आहेत. संध्याकाळी सहानंतर, रविवार सोडून.