किल्लारीची भिंत

30 सप्टेंबरला सकाळी किल्लारीच्या भूकंप स्मृतिस्तंभापाशी आधी साहेब लोकांचा कार्यक्रम होतो. पुष्पचक्रं वाहतात, पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. ते आटोपलं, गाड्या गेल्या, की गावची माणसं पुढे येतात. यंदा मी आतेभावाबरोबर त्या मागच्या गर्दीत उभी होते. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतून घरची झेंडूची फुलं काढली आणि एकेक ठेवताना एकेकाला हाक मारली. सासू, जाऊ, थोरला, धाकटी. धाकटीला दोन फुलं. मागे लोक खोळंबले होते, पण कुणी घाई केली नाही.

माझी आत्या किल्लारीला दिलेली होती. 1993 साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आत्या, मामा आणि माझी आतेबहीण आत झोपले होते. दादा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मिरवणुकीतून उशिरा आला, आई रागावेल म्हणून अंगणातल्या बाजेवरच आडवा झाला. म्हणून आज तो आहे. गावातली, आसपासची कितीतरी पोरं भारतीय जैन संघटनेने पुण्याला वाघोलीला शिकायला नेली. दादाला माझ्या वडिलांनी लातूरला आमच्या घरी आणलं. अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्या घरात अजूनही दिवा मालवत नाहीत.

लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. 52 गावं पार झोपली. भूकंप होता 6.2 ते 6.4 रिश्टरच्या आसपासचा. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात, आणि त्यातल्या कितीतरींत मोजकीच माणसं दगावतात. मग इथे इतकी का गेली? मी पुण्यात इमारतींच्या सळ्यांचे नकाशे काढायचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. पण त्याचं उत्तर मला पुस्तकाआधी दादाने दाखवलं.

जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्यात. त्यात एका वाड्याच्या भिंतीचा कोपरा उभा आहे, कंबरभर. एका बाजूने फुटलेला, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. बाहेरून घडीव, तासलेले दगड, आतल्या बाजूने बरे दगड, आणि मधल्या दोन-अडीच फुटांत गोल धोंडे, कपच्या आणि माती. चुना नाही. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा एकही दगड नाही. म्हणजे दिसायला एक भिंत, खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या दोन भिंती. हादरा बसला की मधली माती खाली बसते, पोट फुगतं आणि दोन्ही अंगं दोन बाजूंना कोसळतात. मी मातीत बोट घातलं तर ती भुगा होऊन हातावर आली.

आणि डोक्यावर माळवद. लाकडाच्या तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. गळायला लागलं की दरवर्षी वरून आणखी माती. आजा, बाप, नातू, तीन पिढ्यांची माती एकाच छतावर. काही घरांत सागवानी खांब आणि तुळया नीट सांधलेल्या होत्या. तिथे भिंती पडल्या तरी छत खांबांवर तोलून राहिलं आणि माणसं वाचली. गावकुसाकडेच्या कुडाच्या झोपड्यांतलेही पुष्कळ वाचले. ज्याचं घर भक्कम म्हणून गावात नाव होतं, त्याच्याच घरात जास्त प्रेतं निघाली. आत्याचं घर तसंच होतं. मामांना त्या भिंतींचा फार अभिमान होता.

कुणाला काहीच कळलं नव्हतं असंही नाही. आदल्याच वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग धक्के थांबले, लोक परत आत गेले. तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन 1 मध्ये होता. 2002 मध्ये नकाशा सुधारला, झोन 1 हा प्रकारच रद्द झाला आणि लातूर झोन 3 मध्ये गेलं. हे वाचताना मला अजून राग येतो. धक्के बसत असताना कुणीतरी येऊन एवढंच सांगितलं असतं, की माळवदावरची निम्मी माती खाली काढा, तर कितीजण वाचले असते!

स्मृतिस्तंभापाशी हात जोडावेसे वाटतात, आणि जोडावेतच. पण त्याच्या शेजारी अशी कापलेली एक भिंत काचेआड उभी करावी असं मला मनापासून वाटतं. शाळेच्या सहली येतात. त्या पोरांना माणसं गेली एवढंच कळतं, कशाने गेली ते कळत नाही.

कारण विसर पडायला लागलाय. पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणात घरं मिळाली, सर्वांत लहान 250 चौरस फुटांचं, सर्वांत मोठं 750. त्या घरांत आता तिसरी पिढी आहे. जागा पुरत नाही, मग वर खोली चढते. दादाच्या मुलाचंही तेच चाललंय. जेवणं झाल्यावर दादा मला जिन्याने वर घेऊन गेला. विटांच्या भिंती दरवाज्याच्या उंचीपर्यंत आलेल्या, वर थेट स्लॅब टाकायचा बेत, आणि एका कोपऱ्यावर पाण्याची मोठी टाकी.

"बघलालीस का? तूच सांग त्याला. माझं ऐकत नाही," दादा म्हणाला.

मुलगा म्हणाला, "आत्या, आख्खं गाव असंच करलालंय."

मी गवंड्याला तिथूनच फोन लावला. दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, त्या खालच्या कॉलमच्या सळ्यांना जोडलेल्या, आणि टाकी कोपऱ्यावरून काढून कॉलमच्या डोक्यावर. खालच्या घराला वरचं वजन पेलतं का, ते तपासल्याशिवाय स्लॅब नाही. गवंडी आधी कुरकुरला, मग सळी किती लागेल विचारलं. आकडा मी दुसऱ्या दिवशी नकाशासकट पाठवला. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागात कुणी असं वर बांधत असेल तर त्याने मला लिहावं. नकाशा बघून देईन, पैसे घेणार नाही.