चाकावर बसून शेवटी हाती काय आले?

पणजीत मी कुंभारकामाच्या प्राथमिक वर्गाला जाते हे कळल्यापासून ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: ‘मग, आता काय काय करता येते तुम्हाला?’ तुम्हीही तोच विचारलात, म्हणून हिशेब मांडते. दर शनिवारी दोन तास, असे दहा वर्ग झाले आणि घरी आलेल्या वस्तू चार: एक वाटी, तिच्याहून वाकडी दुसरी वाटी, उदबत्तीचे घर आणि एक कप.

पहिले तीन वर्ग माती चाकाच्या मध्यावर आणण्यातच गेले. मळलेला गोळा चाकावर आपटायचा, कोपरे मांड्यांना टेकवून हात स्थिर ठेवायचे आणि दोन्ही तळव्यांनी असा दाब द्यायचा की गोळ्याची डगमग थांबावी, एवढेच ते काम आहे. परंतु माझा गोळा फिरताना मलाही हलवत असे, आणि मी जोर वाढवला की अधिकच हेलकावे खात असे. टीचरनी (गोव्यात शिकवणारी कोणतीही बाई टीचरच असते) एकदा माझे खांदे खाली दाबले आणि सांगितले की हात जागचे हलू देऊ नका, माती आपोआप वळणावर येईल. चौथ्या शनिवारी गोळा एकाएकी शांत झाला. चाक जोरात फिरत होते आणि माती मात्र थांबल्यासारखी दिसत होती. पुढच्याच मिनिटाला आत अंगठा घालताना मी ती पुन्हा बिघडवली, ते असो.

कप मी चहाचा म्हणून केला होता, भट्टीतून आला तो जेमतेम काढा पिण्याजोगा. आमच्या वर्गातली माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आटते, हे टीचरनी आधीच बजावले होते. आकडा ऐकताना किरकोळ वाटतो. पण उंची आणि रुंदी दोन्हीकडून आटल्यावर आत मावणारा चहा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो, हे गणित मला रिकामा कप हातात धरल्यावर सुचले.

वर्ग जूनमध्ये लावला, ही माझी आणखी एक चूक. गोव्याच्या पावसाळ्यात जिथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे जाड बुडाची वाटी काय वाळणार? वरून कोरडी दिसणारी माझी तिसरी वाटी पहिल्याच भाजणीत फुटली. वर्गात सर्वांनी एकमुखाने हवेच्या बुडबुड्याला दोष दिला, कारण तो सर्वांचा आवडता आरोपी आहे. खरा दोष बहुतेक वेळा ओलीचा असतो. आत राहिलेल्या पाण्याची १०० अंशांच्या पुढे वाफ होते आणि तिला जाड भिंतीतून वेळेत बाहेर पडता आले नाही की ती भांडे फोडून निघते. म्हणून बूड पातळ ठेवायचे, आणि भट्टी सुरुवातीला अगदी सावकाश तापवायची.

घडवता येण्याचा हिशेब इथेच संपतो. बदल झाला तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लक्षात आला. मातीची कुंडली, म्हणजे कालवण शिजवायची मडकी, मी लहानपणापासून पाहत आले, आईची हुमणे (माशांची कालवणे) त्यातच शिजत. पण त्यांचे बूड गोल का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. चाकावरून तारेने कापून काढलेले आमचे प्रत्येक भांडे सपाट बुडाचे असते. पारंपरिक कुंभार मात्र भांडे अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गुंडा धरतो आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकत बूड गोल व पातळ करत नेतो. त्यामुळे चुलीवर आच सगळीकडे सारखी लागते आणि बूड व भिंत यांच्यामध्ये तडकायला कोपराच उरत नाही. आमच्या वर्गातल्या चकचकीत, झिलई दिलेल्या भांड्यांत पाणीही गार होत नाही, कारण मडक्यातले पाणी छिद्रांतून पाझरून उडते म्हणून गार होते, आणि झिलईने ती वाटच बुजते. दहा शनिवार पैसे भरून मी जे शिकले त्याच्या पुढचे काम डिचोलीकडचे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, हे मला थोडे ओशाळवाणे वाटले.

त्या दिवशी विकणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘वाजोवन पळयात.’ मी एकेक कुंडले तळहातावर घेऊन बोटाच्या पेराने वाजवले. दोन खणखणीत वाजली. तिसऱ्याचा आवाज बद्द आला, म्हणून ते मी परत ठेवले. बाईंनी ते उचलले, स्वतः वाजवून पाहिले आणि काही न बोलता टोपलीच्या मागे सरकवून दिले.