गावाने बोलावले आणि तेच डोक्यावर बसले

सोकोतो आणि केब्बी ही नायजेरियाच्या वायव्येकडची दोन राज्यं माझ्या डोक्यात बसली ती कांद्यामुळे. आम्ही निफाडकडचे, घरात दुसरा विषय नसतो, आणि केब्बीतल्या अलिएरोचा कांदा बाजार तिकडे नावाजलेला आहे म्हणून बातम्या वाचायला लागलो, तर कांदा राहिला बाजूला आणि लाकुरावा नावाच्या टोळीबद्दलच वाचत बसलो.

झालं असं की शेजारच्या झांफारा राज्यातले डाकू सोकोतोच्या तंगाझा, गुडू या शेजारच्या नायजर देशाच्या सीमेलगतच्या भागात घुसायला लागले. मोटरसायकलवर यायचं, गुरं हाकून न्यायची, माणसं उचलून खंडणी मागायची. पोलीस नावालाच, लष्कर लांब. मग २०१७ च्या सुमारास तिथल्या काही गावप्रमुखांनीच सीमेपलीकडच्या शस्त्रधारी लोकांना, म्हणजे याच लाकुरावांना बोलावलं, की या आणि आम्हाला वाचवा. आणि त्यांनी वाचवलं पण! डाकू मागे हटले, लोकांना हायसं वाटलं.

मग सुरू झालं. भांडणतंटे आम्ही मिटवणार, जकात म्हणजे इस्लामी धर्मदान म्हणून गुरांतला वाटा आम्हाला द्यायचा, गाणी वाजवली किंवा नाचलात तर फटके. ज्यांनी बोलावलं त्यातले गुडू भागातल्या बल्ले गावाचे प्रमुख पुढे यांच्याच हातून मारले गेले. मध्ये दोन्ही देशांच्या सैन्यानं मिळून त्यांना पिटाळलं होतं, पण ते परत आले. तरुणांना रोख पैसे, शेतकऱ्यांना खत आणि पाण्याचे पंप असं आमिष दाखवतात असंही वाचलं, आणि हे वाचून मला जास्त भीती वाटली, कारण पंपाची किंमत कोरडवाहू गावाला विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केब्बीतल्या मेरा गावावर हल्ला करून १५ जणांना मारलं आणि जाताना गुरं घेऊन गेले. म्हणजे ज्या डाकूंना हाकलायला यांना आणलं, तेच काम आता हे करतायत.

सीमा तरी कसली, सोळाशे किलोमीटर, दोन्ही बाजूला हौसा बोलणारी तीच माणसं, तेच नातेवाईक, रेघ मारली इंग्रज आणि फ्रेंचांनी. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली, दोन्ही देशांचं फाटलं, एकत्र गस्त बंद पडली आणि यांना रान मोकळं मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये नायजेरियाच्या राजधानीतल्या, अबुजाच्या कोर्टानं त्यांना दहशतवादी संघटना ठरवलं, ते योग्यच झालं, पण तोपर्यंत सात-आठ वर्षं निघून गेली होती.

यावर कोणाशी बोललं की हमखास ऐकायला मिळतं, "मग बोलावलं कशाला, भोगा आता." मला याचा मनापासून राग येतो. आपल्याकडे चोऱ्या वाढल्या की कांद्याच्या चाळीवर पोरं काठी आणि बॅटरी घेऊन आळीपाळीने जागतात, तरी आपल्याला फोन केला की गाडी येईल एवढा भरवसा असतो. तो भरवसाच नसता आणि समोरच्याकडे बंदुका असत्या तर आपण कोणाला बोलावलं असतं?

आणि हे काही फक्त आफ्रिकेतलं नाही. आपल्या त्र्यंबकची गोदावरी जिथे गडचिरोलीतल्या सिरोंच्याला पोचते त्या भागात १९८० मध्ये आंध्रातून पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या आल्या. त्यांना कोणी आमंत्रण दिलं नव्हतं, विचारसरणीही पूर्ण वेगळी, पण शिरकाव असाच झाला. तेंदूपत्त्याचा दर वाढवून दिला, बांबूची मजुरी वाढवली, वनखात्याच्या लोकांचा जाच थांबवला, म्हणून आदिवासींनी जवळ केलं. नंतर त्याच आदिवासींना पोलिसांचे खबरे ठरवून मारलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, म्हणजे मधली ४५ वर्षं गेली, आणि त्यात जवानही गेले, गावकरीही गेले.

तंगाझाच्या लोकांना इतकी वर्षं लागू नयेत असं फार वाटतं. त्यासाठी आधी नायजेरिया आणि नायजर यांनी नीट एकत्र काम करायला हवं आणि त्या गावांत पोलीस ठाणी हवीत, नुसतं विमानातून बॉम्ब टाकून गावात कोणाचा भरवसा बसणार नाही.