हजेरीपटावर शंभर टक्के

“दादा, काल चुकून चारच कोअरवर लावलं होतं. तरी वेळ तेवढाच लागला.”

दारातून बाहेर पडता पडता ती हे बोलून गेली आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. सकाळपासून मी गाठ चुकीच्या टोकाने सोडवत होतो.

मी एका संशोधन संस्थेत संगणक विभाग सांभाळतो. ही पीएचडीची विद्यार्थिनी द्रवप्रवाहाची सिम्युलेशन्स चालवते. तिचं मशीन मीच जोडलेलं: रायझन ७ ३७००एक्स, आठ कोअर (म्हणजे आकडेमोड करणारे आठ स्वतंत्र भाग), १६ जीबीच्या दोन रॅम, डीडीआर४ ३६००. तिची तक्रार साधी होती. रात्री लावलेलं गणित सकाळी ती यायच्या आत संपायचं. आता ती येऊन बसली तरी चालूच असतं. हे गेले तीन आठवडे.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्के. तापमान ठीक, पंखे ठीक, एसएसडी निवांत. प्रोसेसर जीव तोडून काम करतोय म्हटल्यावर मी सरळ निष्कर्ष काढला, की आता याला जरा पळवायला हवं. तिने चाचणीसाठी एक छोटं गणित दिलं, त्याला ४१ मिनिटं लागली. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन आठही कोअर सव्वाचार गिगाहर्ट्झवर बांधले. एरवी सगळे कोअर कामाला लागले की ते चारच्या आसपास चालायचे. व्होल्टेज थोडं वाढवलं, पंख्याचा आवाज चढला. सिनेबेंच या प्रोसेसर-चाचणीचा आकडा सहा टक्क्यांनी वर गेला आणि मी खूश झालो. (या उद्योगात एकट्या कोअरला मिळणारी ४.४ची उसळी गेली, म्हणजे एकाच कोअरवर चालणारं तिचं मेशिंग, प्रवाहाची जागा बारीक पेशींत वाटण्याचं काम, उलट हळू झालं. ते मला तेव्हा सुचलंच नाही.)

गणित पुन्हा लावलं. ४० मिनिटं ४० सेकंद.

मी त्या वीस सेकंदांकडे बघत असतानाच ती आली आणि वरचं वाक्य टाकून गेली.

कोअर निम्मे करूनही वेळ बदलत नसेल, तर उरलेले निम्मे करत काय होते? वाट बघत होते. टास्क मॅनेजरचे शंभर टक्के मला तिथे कळले. बांधकामावर विटा यायच्या थांबल्या आणि गवंडी थापी हातात धरून बसला, तरी हजेरीपटावर तो पूर्ण दिवस हजरच असतो. प्रोसेसरचं तसंच आहे. मेमरीतून आकडा यायची वाट बघणारा कोअरही ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी कामावरच असतो. मेमरीकडून उत्तर यायला ऐंशी नॅनोसेकंद लागले, तर चार गिगाहर्ट्झच्या कोअरची तेवढ्यात ३२० चक्रं फिरून जातात. घड्याळ सव्वाचारवर नेऊन मी काय साधलं, तर ३२०ऐवजी ३४० चक्रं वाट बघायची सोय केली.

सिनेबेंच फसवतं ते इथेच. त्याचं बहुतेक काम कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीतच, भागतं, त्यामुळे ते कोअरची ताकद मोजतं आणि रॅमकडे फारसं ढुंकून बघत नाही. हिच्या मेशमध्ये चाळीसेक लाख पेशी, चार-पाच जीबीचा पसारा, आणि प्रत्येक फेरीत तो सगळा एकदा चाळून काढायचा. प्रोसेसरची एल३ कॅश ३२ एमबी. डोंगर चमच्याने उपसायचा प्रकार.

हार्डवेअरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं. मेमरीच्या पानावर आकडा होता १०६६. डीडीआर म्हणजे एका चक्रात दोनदा देवाणघेवाण, म्हणून तो दुप्पट करायचा: २१३३. स्टिकवर छापलेलं ३६००.

३६०० हा वेग रॅम आपणहून घेत नाही. बोर्ड सुरुवातीला सुरक्षित, प्रमाणित वेग धरतो. छापलेला वेग हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू करावं लागतं. ते मी जोडणीच्या दिवशीच केलं होतं. मग तीन आठवड्यांपूर्वी मीच बायोसची नवी आवृत्ती टाकली, सेटिंग्ज मूळपदाला गेली, आणि मशीन सुरू होतंय एवढं बघून मी निघून आलो होतो.

आधी प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग काढून टाकलं. एक्सएमपी चालू केलं. दोन चॅनेल मिळून सेकंदाला ३४ जीबीचा सैद्धांतिक प्रवाह ५७.६वर गेला. कॅस लेटन्सी, म्हणजे उत्तर द्यायला रॅमला लागणारी चक्रं, २१३३ला १५ आणि ३६००ला १६, म्हणजे आकडा वाढलेला दिसतो. पण वेळेत मोजलं तर १४ नॅनोसेकंदांवरून नऊच्या आत आली. शिवाय या झेन २ पिढीत कोअर आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक मेमरीच्या घड्याळाशी जुळवून चालतं. रॅम सावकाश चालली की तेही रेंगाळतं.

२७ मिनिटं.

इथे थांबायला हवं होतं, पण हात शिवशिवत होते. रॅम ४०००वर नेली. सुरू झाली, आणि वेळ आला २८ मिनिटं! ३६००च्या पुढे गेलं की बोर्ड आपोआप मेमरी कंट्रोलर निम्म्या गतीवर टाकतो, फॅब्रिकशी ताळमेळ सुटतो आणि वाढलेला वेग लेटन्सी खाऊन टाकते. मग ३८००, फॅब्रिक हाताने १९००वर, ताळमेळ कायम. २६ मिनिटं. मी विजयी मुद्रेने तिला बोलावलं आणि तिने खरं, मोठं गणित लावलं.

दोन तासांनी स्क्रीनवर एनएएन, एनएएन, एनएएन (‘नॉट अ नंबर’, म्हणजे हा आकडाच नव्हे). कुठेतरी एक बिट उलटलं असावं आणि ते सगळ्या मेशभर पसरलं. विंडोजच्या नोंदींत हार्डवेअर चुकांची रांग लागलेली. ती म्हणाली, “दादा, बंद पडलं ते बरं झालं. चुकीचा आकडा देऊन संपलं असतं तर मी तो प्रबंधात घातला असता.” यावर मी काय बोलणार? ३६००वर परत आलो आणि रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट लावलं. सकाळी चुका शून्य.

मग तिला सांगितलं की बायोस मीच बदललं होतं. ती रागावली नाही. मनात हिशेब करत म्हणाली, “म्हणजे एकवीस रात्री.” आणि मग, “त्या दिवशी तुम्ही या शेजारच्या दोन मशीनवरही बसला होता ना?”

बसलो होतो. त्यांपैकी एकावर नुसते अहवाल लिहिले जातात. दुसऱ्यावरच्या प्रोग्रॅमचा सगळा डेटा कॅशमध्येच मावतो. तिथून तक्रार आली नव्हती आणि कधी आलीही नसती. दोन्हीकडे सीपीयू-झेड उघडलं.

१०६६. १०६६.